पिल्लाचे दात आणि ओळखीचे दिवस

नमस्कार श्रोतेहो.

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिले चार-आठ दिवस कौतुकात जातात, आणि मग तक्रार सुरू होते. सारखं चावतंय, हात सोडत नाही, आजींच्या साडीचा काठ फाडला, धाकटीच्या पायावर ओरखडे. आत्ताच असं, तर मोठं झाल्यावर काय करेल?

आधी ही भीती बाजूला ठेवू. दोन महिन्यांच्या पिल्लाला 28 दुधाचे दात असतात, बारीक आणि चांगलेच टोकदार. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. शिवाय समोरची वस्तू काय आहे, हे पिल्लू तोंडात धरूनच ठरवतं. त्यामुळे यातलं बहुतेक चावणं म्हणजे राग नव्हे.

किती जोरात चावायचं, हे ते भावंडांत शिकतं. एकाने जास्त जोर लावला की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. आईही गुरगुरून समज देते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असा 2017च्या केंद्राच्या नियमांत स्पष्ट उल्लेख आहे. तरीही ‘लहान आणलं की लळा लवकर लागतो’ म्हणत लोक महिन्याभराचं पिल्लू उचलून आणतात. मग भावंडांनी शिकवायचं ते आपल्याला शिकवावं लागतं.

ते कसं? दात लागले की हात झटकू नका. हलणारा हात पकडायला तर त्याला आणखी मजा येते. हात सैल सोडा, उठा, पाठ फिरवा. पाऊण मिनिट त्याच्याकडे बघायचंही नाही. मग परत या आणि तोंडात खेळणं द्या. फ्रीजमधलं थंड गाजर किंवा ओलं करून गार केलेलं जाड फडकं हिरड्यांना बरं वाटतं. फक्त तुकडे गिळत नाही ना, यावर लक्ष असू द्या. आणि हे घरातल्या सगळ्यांनी करायचं. आई पाठ फिरवते आणि आजोबा ‘चावू दे गं, लहान आहे’ म्हणून बोटं पुढे करतात, अशा घरात पिल्लू आजोबांचंच ऐकणार!

नाकावर चापट मारू नका. त्याने चावणं थांबत नाही, माणसाचा हात जवळ आला की दचकायचं एवढंच ते शिकतं. संध्याकाळी सात-आठला पिल्लू वेड्यासारखं धावत, चावत सुटतं, तेव्हा बरेचदा ते दमलेलं असतं. या वयात दिवसातले अठरा-वीस तास झोप लागते, आणि आपल्या घरांत पाहुणे, मुलं, टीव्ही यांच्यात ती मिळत नाही. दिवा मालवा, कोपऱ्यात अंथरूण द्या.

मात्र दाताने कातडी फाटली, तर पिल्लू घरचं असलं तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजच्या बाबतीत ‘बघू उद्या’ चालत नाही. आणि भांड्याजवळ कोणी गेलं की पिल्लू ताठ होऊन, डोळे रोखून गुरगुरत असेल, तर तो खेळ नाही, पशुवैद्यांना दाखवा.

माझी खरी काळजी मात्र वेगळीच आहे. चावणं बहुतेक पिल्लांचं वयानुसार कमी होतं. पण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जगाशी बिनधास्त ओळख करून घेतं, ते दिवस पुन्हा येत नाहीत. नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याला फ्लॅटमध्ये कोंडतो, कारण लसी पूर्ण व्हायच्या असतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य आजाराची भीती खोटी नाही. पण पिल्लू जमिनीवर सोडायचं नाही, म्हणजे बाहेरच न्यायचं नाही, असं थोडंच आहे?

कडेवर घ्या आणि सोसायटीच्या गेटपाशी दहा मिनिटं उभे राहा. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, वॉचमनकाकांची काठी, रेनकोटातली मुलं, रिक्षा, कचऱ्याची गाडी, सगळं तिथे आपोआप दिसतं. तळजाईला किंवा सारसबागेबाहेर नेलंत तरी लसी होईपर्यंत खाली ठेवू नका. लसी झालेला, शांत स्वभावाचा ओळखीचा कुत्रा असेल, तर त्याच्या घरी भेट घडवा. आणि ‘किती गोड’ म्हणत प्रत्येकाच्या हातात देऊ नका. पिल्लू स्वतःहून वास घ्यायला पुढे झालं, तरच समोरच्याने हात लावायचा.

पुण्यात ढोलाचं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव सुरू असतो. तो लांबून, जिथे आवाज येतो पण पिल्लू निवांत खातंय, अशा अंतरावरून ऐकवा. खाणं थांबलं, शेपटी आत गेली, की आपण फार जवळ आलो, मागे फिरा. लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीत मात्र पिल्लाला नेऊ नका, ते सवय लावणं नव्हे. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावून सोबत खाऊ दिला, तर दिवाळीचीही थोडी तयारी होते.

पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालंय आणि जिन्यातसुद्धा उतरत नाही, असं असेल तरी हेच करा, फक्त अंतर दुप्पट ठेवा आणि घाई अजिबात नको. आज जिन्याची एकच पायरी उतरलं, तर खाऊ द्या आणि घरात परत न्या.

नमस्कार.