इसब, नाळेचं रक्त आणि ३४ रुग्ण

दिवे मालवले की खाज सुरू होते. कोपराच्या खळगीत, गुडघ्यामागे, मानेवर. झोपेतही नखं थांबत नाहीत आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात. तीव्र इसब असलेल्याला 'खाजवू नकोस' म्हणून काय उपयोग?

दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी बाळाच्या जन्मानंतर नाळेत उरणाऱ्या रक्ताकडे पाहिलं. त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडू शकतात अशा मूळ पेशी, वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांनी नवी त्वचा घडवावी, ही अपेक्षाच नव्हती. इसबात शरीराची रोगप्रतिकारशक्ती नको तिथे खवळलेली असते. या पेशींतून स्रवणाऱ्या रेणूंनी तिला शांत करावं, एवढंच हवं होतं. उंदरांमध्ये ते साधलं होतं.

मग माणसं. मध्यम ते तीव्र इसब असलेले ३४ प्रौढ. आधी ७, नंतर २७. त्वचेखाली एकदाच पेशी टोचायच्या. काहींना अडीच कोटी, काहींना पाच कोटी.

अशा पहिल्या चाचणीत सर्वांत मोठा प्रश्न असतो, अपाय तर होत नाही ना? गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. माझ्या मते या चाचणीची खरी कमाई हीच.

गुण आला का, हे मोजायचीही रीत आहे. डोकं-मान, हात, धड, पाय, असे शरीराचे चार भाग. प्रत्येक भागात लाली किती, सूज किती, ओरखडे किती, कातडी किती जाड झाली, हे डॉक्टर तपासून गुण देतात. सगळे मिळून शून्य ते ७२; गुण जितके जास्त, तितका इसब तीव्र. जास्त मात्रा मिळालेल्या ११ जणांपैकी ६ जणांचे गुण निम्म्यावर आले. २०१७ साली हे निष्कर्ष छापून आले.

आकडा सुखावणारा आहे. पण इसब आपणहूनही चढतो, उतरतो. आणि इथे दोन्ही गटांना पेशीच मिळाल्या होत्या; नुसतं औषधाविना इंजेक्शन घेतलेला गट तुलनेला नव्हता.

तो गट पुढच्या, तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आला. २०१९ मध्ये निकाल लागला, तेव्हा पेशी घेतलेले आणि न घेतलेले यांच्यातला अपेक्षित फरक सिद्ध झाला नाही. म्हणून कुणी '११ पैकी ६' दाखवून उपचार विकायला आलं, तर आधी विचारा, तुलनेला दुसरा गट होता का?