घरच्या व्हिडिओसाठी पहिलं एडिटिंग सॉफ्टवेअर कोणतं? आजीच्या कुरडया घेऊन ठरवूया

(पडदा काळा. सोऱ्याची करकर, मागे आजीचं बोलणं. मग चित्र.)

नमस्कार. हा आवाज आमच्या आजीचा. मागच्या उन्हाळ्यात पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर कुरडया घातल्या, तेव्हा मी आणि माझ्या भावाने फोनवर सगळं टिपून ठेवलं. तीन दिवस भिजलेले गहू, चीक काढणं, तो शिजवताना आजीचं "ढवळत राहा, गाठ धरेल" हे ओरडणं. २३ क्लिप, मिळून ४१ मिनिटं. आणि मग काय? दिवाळीपर्यंत कुणी उघडूनही पाहिलं नाही.

तुमच्याही फोनमध्ये असं काहीतरी पडून असेल. लग्नाचा व्हिडिओ स्टुडिओवाले करून देतात, पण बारसं, वाळवण, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे आमच्या नाशिकच्या रंगाच्या हौदात, मारलेल्या उड्या, हे आपल्यालाच जोडावं लागतं. मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच : ताई, सुरुवातीला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

मी म्हणते, ज्यात तुमचा पहिला व्हिडिओ एका रविवारी पूर्ण होईल ते. किती इफेक्ट आहेत हे बघू नका. स्वतःच्या चार क्लिप टाका आणि परीक्षा घ्या.

पहिली परीक्षा अगदी सोपी. टायटलमध्ये "नाशिक" लिहा. पडद्यावर "नाशकि" असं काहीतरी दिसलं, म्हणजे पहिली वेलांटी श सोडून क च्या डोक्यावर जाऊन बसली, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही. मग "त्र्यंबकेश्वर" लिहा, "दुसऱ्या दिवशी" लिहा. जोडाक्षरं फुटली तर तिथेच थांबा. आजीचं नाव चुकीचं दिसणार असेल तर बाकीच्या सोयी काय कामाच्या? अक्षरं जुळत असतील तर मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइपने केलेत, फुकट मिळतात आणि टीव्हीवर लांबूनही वाचता येतात.

आता नावं सांगते. फोनवरच करायचं असेल तर आयफोनला आयमूव्ही आहे, अँड्रॉइडला व्हीएन. परदेशातले बरेच व्हिडिओ कॅपकट सुचवतात, ते आपल्याकडे बंद आहे, त्याच्या मागे लागू नका. विंडोज ११ चा लॅपटॉप असेल तर क्लिपचॅम्प बहुधा त्यात आधीच असतं. फुकटात १०८०पीपर्यंत, म्हणजे फुल एचडी, व्हिडिओ काढता येतो, वॉटरमार्क, म्हणजे चित्रावर कंपनीचा शिक्का, लागत नाही. आणि ज्यांना जुना मूव्ही मेकर आठवतो त्यांच्यासाठी : मायक्रोसॉफ्टने तो जानेवारी २०१७ मध्येच बंद केला. त्या नावाने कुठे डाउनलोड दिसलं तरी घेऊ नका.

मी स्वतः शॉटकट वापरलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, वॉटरमार्क नाही. उघडल्यावर जरा रिकामं रिकामं वाटतं, घाबरू नका. वरच्या पट्टीतून प्लेलिस्ट (क्लिपांची यादी), टाइमलाइन (क्लिप ओळीने जोडायची पट्टी) आणि फिल्टर्स (चित्र-आवाजातले बदल) एवढेच तीन भाग उघडा. एस दाबलं की क्लिपचे दोन तुकडे होतात, एक्स दाबलं की नको असलेला तुकडा जातो आणि पुढचा सरकून जागा भरतो. पहिल्या दिवशी एवढं पुरतं.

फोनचं शूटिंग टाकलं की कधीकधी ते विचारतं, एडिटिंगला सोयीचं करून देऊ का? हो म्हणा. फोन दर सेकंदाला अगदी सारख्याच फ्रेम टिपत नाही, कमीजास्त होतात. त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज यांचा मेळ हळूहळू सुटतो. रूपांतर केलं की तो टिकतो. फाइल मोठी होते, तेवढी जागा मोकळी ठेवा. लॅपटॉप अडखळत असेल तर सेटिंग्जमधून प्रॉक्सी चालू करा, म्हणजे काम करताना हलकी प्रत वापरली जाते आणि शेवटचा व्हिडिओ मूळ क्लिपांतूनच बनतो.

डाविंची रिझॉल्व्ह? त्याची फुकट आवृत्ती सुद्धा फार ताकदीची आहे, सिनेमावाले तेच वापरतात. पण त्याला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. घरच्या जुन्या लॅपटॉपवर पहिल्याच रविवारी तेच घेतलं तर माणूस कंटाळून उठतो. दहा व्हिडिओ करा, मग तिकडे जा.

(जवळून.)

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं : आवाज. सॉफ्टवेअरमध्ये आवाज चित्रापासून वेगळा करता आलाच पाहिजे. आजी चीक कसा ओळखायचा ते सांगत होती, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरच अडकला होता. मी तिचं बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं आणि वर चित्र लावलं तिच्या हातांचं, सोऱ्यातून पडणाऱ्या तारांचं. त्या क्षणी तो खरा व्हिडिओ झाला. म्हणून कृपा करून सगळ्यावर गाणं पसरवू नका. गाणं पुन्हा कधीही मिळेल. सोऱ्याची करकर, शेजारची हाक, आजीचा खोकला, हे पुन्हा मिळणार नाही.

एक चूक मात्र मी केली आणि ती मला फार लागली. सगळं टाइमलाइनवर आलं म्हणून फोनमधल्या आणि पेनड्राइव्हमधल्या क्लिप पुसून टाकल्या. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच, कुठली क्लिप कुठे आहे आणि कुठे कापायची एवढीच नोंद असते. सहा क्लिप कायमच्या गेल्या. त्यांत आजी गहू निवडत होती. म्हणून कामाला बसण्याआधी सगळ्या क्लिप लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये उतरवा, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि काम संपेपर्यंत त्या फोल्डरचं नाव सुद्धा बदलू नका.

शेवटी एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं. फाइल एमपी४, व्हिडिओ दाबायची पद्धत एच.२६४, १०८०पी, सेकंदाला ८ मेगाबिट. एच.२६५ मध्ये फाइल लहान होते, पण घरातले जुने टीव्ही ती चालवत नाहीत. माझी ६ मिनिटं साधारण ३६० एमबी झाली. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलं तर चित्र दाबलं जातं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. सिडकोतल्या आत्याला तसंच पाठवलं.

आजीला मात्र पेनड्राइव्ह टीव्हीला लावून दाखवलं. तिने शेवटपर्यंत पाहिलं, आणि म्हणाली, "चीक जरा पातळ झाला होता गं त्या दिवशी."