गिअर आदळतो, दोष दारात

[दृश्य: उघडं बॉनेट. पाच सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची खडखड.]

ही मर्सिडीजची 300डी टर्बोडिझेल. घराणं डब्ल्यू 123. 1976 ते 1986 या काळात या घराण्याच्या सुमारे 27 लाख गाड्या बनल्या. टर्बोवाली ही सेडान 1982 ते 1985 दरम्यान अमेरिकेत विकली गेली, आणि तिथे ती फक्त ऑटोमॅटिकमध्येच मिळायची. चार गिअर, सगळा कारभार तेलाच्या दाबावर. कॉम्प्युटर नाही, त्यामुळे स्कॅनर लावून काही हाती लागत नाही.

अशा गाडीची नेहमीची तक्रार काय? हलक्या पायाने चालवली तरी पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना पाठीत गुद्दा बसतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर पुन्हा तेच. गॅरेजवाला एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मालकाच्या पोटात गोळा येतो.

थांबा. पान्याला हात लावण्याआधी दोन प्रश्न विचारा. चावी फिरवल्यावर इंजिन लगेच बंद होतं, की दोन-चार सेकंद खडखडत राहतं? आणि गाडी तासभर उभी राहिली, तर ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लावल्यावर बाकीची दारं लॉक होतात का?

दाराच्या लॉकचा गिअरशी काय संबंध, असं वाटेल. या गाडीत तो आहे.

[दृश्य: इंजिनाच्या पुढच्या अंगाला बसवलेला व्हॅक्यूम पंप. तिथून निघालेला जाड पाइप.]

पेट्रोल इंजिनात हवा आत नेणाऱ्या पाइपात, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, व्हॅक्यूम (हवा ओढली गेल्यावर पडणारा कमी दाब) आपोआप तयार होतो. डिझेलला हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, म्हणून तिथे वेगळा पंप लागतो. इथे एकच पंप आहे, आणि त्याच्यावर अख्खं कुटुंब पोसायचंय: ब्रेकचा बूस्टर, चारही दारांची लॉकं, इंजिन बंद करणारा झडपेचा डबा, डॅशबोर्डमागच्या एसीच्या झडपा, आणि शेवटी गिअरबॉक्स.

गिअरबॉक्सच्या कडेला मॉड्युलेटर नावाची चपटी डबी असते, आत रबरी पडदा. इंजेक्शन पंपावरचा एक व्हॉल्व्ह ॲक्सिलरेटरच्या हालचालीप्रमाणे तिला कमी-जास्त व्हॅक्यूम देतो. पाय हलका असेल तर व्हॅक्यूम जास्त, तेलाचा दाब कमी, गिअर मऊ पडतो. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ शून्य, दाब वाढतो आणि क्लचच्या प्लेटा घट्ट आवळल्या जातात. आता कुठेतरी नळी फुटली आणि व्हॅक्यूम पोहोचलाच नाही, तर बॉक्सला काय कळणार? त्याला वाटतं, ड्रायव्हरने पाय दाबून धरलाय. बॉक्स बिचारा आपलं काम चोख करतोय, त्याला खबर चुकीची मिळालीय.

यात एक शहाणपण आहे. नळी तुटली तर धक्के बसतात, पण प्लेटा घसरत नाहीत, त्यामुळे जळत नाहीत. उलट गिअर बदलताना इंजिन मध्येच रेस होत असेल, तर ते खरं भिण्यासारखं लक्षण. तशी गाडी पळवू नका.

[दृश्य: डिपस्टिक. लाल तेल.]

तपासणी तेलापासून सुरू होते. गाडी सपाट जागी, लिव्हर पार्कमध्ये, इंजिन चालू आणि बॉक्स चांगला तापलेला. थंड तेलावर घेतलेलं माप फसवं असतं. डिपस्टिक पुसायला धागे न सुटणारं कापड घ्या. तेल लाल हवं. काळपट आणि जळका वास असेल, तर खर्चाची तयारी ठेवा.

तेल ठीक असेल, तर मॉड्युलेटरची नळी उपसा. आत लाल तेल दिसलं की पडदा फाटलाय, डबी बदला. नळी कोरडी असेल, तर हाताने चालवायच्या, काटा असलेल्या व्हॅक्यूम पंपाने डबीवर व्हॅक्यूम ओढून धरा. काटा जागचा हलता कामा नये.

मग त्याच नळीवर व्हॅक्यूम मोजणारं गेज. आयडलला साधारण 10 ते 15 इंच (पाऱ्याचे) दिसायला हवेत, आणि ॲक्सिलरेटरची दांडी हलवली की आकडा खाली यायला हवा. नाही दिसत? आता खरं शोधकाम. जाड पाइपमधून रंगीत पट्ट्यांच्या बारीक प्लास्टिक नळ्या फुटतात. एकेक शाखा बंद करायची आणि गेजकडे बघायचं. अमेरिकेतले हौशी मालक यासाठी गोल्फचा चेंडू ठेवायची लाकडी खुंटी वापरतात, आणि ती खरंच चपखल बसते. ज्या शाखेला बूच लावल्यावर काटा उसळतो, तिथे गळती. बहुतेक वेळा प्लास्टिकची नळी शाबूत असते, तिच्या टोकाचं रबर चाळीस वर्षांत वाळून तडकलेलं असतं. नाहीतर दाराच्या आतल्या लॉकच्या डबीचा पडदा गेलेला. मग दाराचं पॅनेल काढायचं, डबी बदलायची, आणि गिअर मऊ पडायला लागतो.

[दृश्य: मॉड्युलेटरचं टोपण निघतं, आत समायोजनाची छोटी चावी.]

ही चावी मात्र सगळ्यात शेवटी. अनेक जण गळती न शोधताच ती फिरवून धक्का मऊ करतात. आज बरं वाटतं, पण चढावर दाब कमी पडतो आणि प्लेटा जळतात. तसंच बाउडन केबलचं, म्हणजे ॲक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सला जाणाऱ्या तारेचं. ती मुख्यतः गिअर कधी पडायचा ते ठरवते. किती जोरात पडायचा याचा इलाज तिच्याकडे नाही. आणि लिव्हर डी वर टाकताक्षणी 'ठक्क' असा आवाज येत असेल, तर आधी इंजिन माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) रबरी कपलिंग बघा.

या घराण्याची पुढची पिढी, डब्ल्यू 124, 1995 मध्ये पुण्यात बनू लागली. त्या पिढीच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक बॉक्सवरही हीच मॉड्युलेटरची डबी असते, दारांच्या लॉकसाठी मात्र वेगळा विजेचा पंप. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच. तिथे हवेचा दाबच कमी, म्हणून पंपाच्या तोंडाशी गेज लावलं, तर मुंबईच्या मानाने काटा दीड-दोन इंच कमी दाखवणारच. तेवढ्यावरून पंप बदलू नका.