इरईच्या खडकावरचे ओरखडे

चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई गाव आहे. इरई धरण नव्हे, गाव. तिथल्या चुनखडीवर एकाच दिशेने गेलेल्या सरळ खाचा आहेत, वावरातल्या तासांसारख्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन यांनी 1875 साली त्यांचा संबंध बर्फाशी जोडला. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी इथे हिमनदी होती. चंद्रपूरचा कोळसा त्यानंतरचा.

बर्फ तर चुनखडीपेक्षा मऊ. ओरखडे काढतात ते त्याच्या तळात रुतलेले दगडगोटे, आणि तेही बर्फ खडकावरून घसरला तरच. तळाशी गोठून चिकटलेली हिमनदी घट्ट काकवीसारखी आतल्या आत सरकते. खडकाला जवळपास धक्का लागत नाही. म्हणून या खाचा म्हणजे तळाशी पाणी होते याची खूण.

हे पाणी नुसते वंगण नाही. 100 मीटर जाड बर्फ तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 90 टन भार टाकतो. भेगांतून उतरलेले पाणी खाली कोंडले, की ते हा भार उचलू लागते. बर्फात तळापर्यंत भोक पाडले आणि त्यात पाणी 90 मीटर चढले, तर जवळजवळ सगळा भार पाण्याने पेललेला असतो. मग खडकाची पकड सुटते.

मात्र पाणी जास्त म्हणजे वेग जास्त, असे नाही. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात नाली बुजलेली असते, वावर तुंबते. श्रावणात त्याहून जास्त पाणी त्याच नालीतून वाहून जाते, कारण प्रवाहाने ती मोकळी केलेली असते. हिमनदीखालीही तसेच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी खडकामागच्या लहान पोकळ्यांत अडते, दाब चढतो, बर्फ वेगाने घसरतो. पुढे वाहत्या पाण्याच्या उष्णतेने बर्फात बोगदे पडतात, दाब उतरतो, वेग मंदावतो. हिवाळ्यात पाणी आटले की बर्फाच्या भाराने बोगदे पुन्हा मिटतात.

कधी बोगदे तयारच होत नाहीत. अलास्कातील व्हेरिगेटेड हिमनदी 1983 मध्ये दिवसाला 50 मीटरच्या आसपास धावत होती. जुलैच्या सुरुवातीला कोंडलेले पाणी लोंढ्याने बाहेर पडले आणि तिचा वेग तिथेच कोसळला.

इरईच्या खाचांवर मातीत मिसळलेल्या गोट्यांचा थर आहे. अशा थरांत एखादी बाजू घासून सपाट झालेले, स्वतःवरही रेघा असलेले गोटे सापडतात. खडक ज्यांनी कोरला, ते हेच.