घाटी म्हणताना

गोव्यातल्या पाळी गावात फणसाच्या झाडाखाली एक टिपर उभा आहे. ताडपत्री उन्हानं विरली आहे. मागच्या फाळक्याचा रंग गेलाय, पण सांध्यासांध्यांत लाल माती अजून घट्ट बसलीय. खनिजाची माती ही, धुऊन जात नाही. मालकाच्या नखांतही तीच.

गाव त्यांना दादा म्हणतं. वीस वर्षं त्यांनी खाणीवरून मांडवीच्या धक्क्यावर खेपा मारल्या. तिथून पुढे बार्ज आणि मुरगाव बंदर. २०१२ला खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू होऊन जरा सावरतोय तोवर सर्वोच्च न्यायालयानं खाणींची ८८ लीज रद्द केली आणि १६ मार्च २०१८पासून सगळं परत थांबलं. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

आम्ही कॅमेरा लावला आणि विचारलं, दादा, चांगला माणूस कोणाला म्हणायचं?

"घामाचं खातो, घरच्यांना उपाशी ठेवत नाही, तो."

आणि पैसेवाला?

"तो चांगला की वाईट, ते त्याच्या ड्रायव्हरला विचारा."

समाजशास्त्रज्ञ मिशेल लामाँ यांनी न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या परिसरातल्या १५० पुरुषांना, कामगारांना आणि साध्या नोकरदारांना, असेच प्रश्न विचारले होते. तीही माणसं श्रीमंतीपेक्षा सचोटीला मोठं मानत होती. पण तेच माप हातात घेऊन बरेच गोरे अमेरिकन कामगार काळ्यांना आळशी ठरवत, आणि फ्रेंच कामगार उत्तर आफ्रिकेतून आलेल्यांना परकं. कष्टाचा अभिमान असा दुसऱ्याला खाली ढकलायला वापरला जातो, हे मला फार लागलं.

आपल्याकडे त्यासाठी एकच शब्द पुरतो. घाटी. म्हणजे घाटापलीकडून कामाला आलेला, हेटाळणीनं. आणि आफ्रिकन माणूस दिसला की खापरी. ज्या गोव्यात पोर्तुगीजांनी मोझांबिकहून माणसं आणून गुलाम म्हणून विकली, तिथे हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

दादांचा क्लीनर विजापूरकडचा. पहाटे पाचला टायर तपासतो, डिझेलचा हिशोब पैशाला चुकत नाही. दादा कॅमेऱ्यासमोर मराठी बोलतात, घरात कोंकणी, त्याच्याशी हिंदी. "पोरगा कामाला वाघ आहे," म्हणाले. आणि त्याच दमात, "पण हे घाटी लोक..."

खाणी बंद पडल्यावर तुम्ही काय केलंत, असं आम्ही विचारलं. कुवेतला गेले होते, तीन वर्षं, पाण्याचा टँकर चालवायला.

"तिथे कोणी नावानं हाक मारली नाही. हिंदी म्हणायचे, म्हणजे हिंदुस्थानी. ए हिंदी, गाडी काढ."

यानंतर ते बराच वेळ ताडपत्रीची दोरी गुंडाळत राहिले. तो भाग आम्ही कापलेला नाही.

गावात सरकारी मराठी शाळा आहे. पोर्तुगीजांपासून मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गोव्यात गावोगावी अशा शाळा निघाल्या, आणि ज्यांच्या घरात कोणी अक्षर गिरवलं नव्हतं त्यांची मुलं पाटी घेऊन बसली. दादा त्यांतलेच, चौथीपर्यंत तिथेच शिकले. आज क्लीनरचा मुलगा त्याच शाळेत तिसरीत आहे. सकाळी त्याचं दप्तर टिपरच्या केबिनमध्ये असतं, शाळेच्या वळणावर दादा गाडी थांबवतात आणि तो उडी मारून उतरतो.

घाटी हा शब्द दादांच्या तोंडून गेलेला नाही. मुलगा केबिनमध्ये असला की तेवढा येत नाही.