गप्प बस, शीट बोलू दे

(दृश्य: स्टुडिओच्या भिंतीवर टाचलेल्या शीट्स. सकाळचे दहा. पंख्याचा आवाज.)

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाची ज्युरी, म्हणजे शिक्षकांपुढे कामाची तपासणी. रात्री कोणी झोपलेलं नाही, हे सांगायला नको. जिचा नंबर आलाय ती मुलगी आपल्या शीटपुढे उभी राहते, घसा खाकरते. "सर, माझी कन्सेप्ट अशी आहे की..."

"तू नाही बोलायचं. तुझ्या शेजारचा बोलेल."

शेजारच्या मुलाने ही शीट आत्ताच पहिल्यांदा पाहिली आहे. प्लॅनवर बोट ठेवून तो आत शिरतो. "इथून आलो. ही ओसरी असावी. मग हा दरवाजा... नाही, खिडकी आहे का ही? बरं. मग जिना." बोट थांबतं. "सर, हा वर जातो की खाली?"

जिन्यावर बाण नाही. मुलगी ओठ घट्ट मिटून उभी. जिना कुठे जातो ते तिला पक्कं ठाऊक आहे, पण तिने ते कागदावर घातलेलंच नाही.

पुढची काही मिनिटं आपण या राहून गेलेल्या बाणाच्या मागे जाणार आहोत.

(दृश्य: काही महिने आधी. पाऊस. कॉलेजचा पहिला आठवडा.)

पहिलंच काम असं असतं: आजीचं घर काढा. आठवणीतून, तासाभरात, पट्टी न वापरता.

बहुतेक कागदांवर घर समोरून दिसतं. उतरतं छप्पर, दोन खिडक्या, मधोमध दार. एकाने तर मागे दोन डोंगर आणि त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्यही काढलाय. हसू नका. आपण सगळे तेच चित्र काढत मोठे झालो.

मॅडम एका बाकाशी थांबतात. "आजी दुपारी कुठे बसायची?"

"मागच्या पडवीत."

"का?"

"तिथे ऊन यायचं नाही. आणि विहिरीकडून वारा यायचा."

"मग हे कुठंय?"

चित्रात कौलं आहेत, एकेक करून काढलेली. पडवी नाही, विहीर नाही, वारा नाही. समोरून पाहिलेल्या घरात ते दिसणारच नव्हतं. पडवी कुठल्या बाजूला, हे सांगायचं तर घराकडे वरून पाहावं लागतं. पडवीत सावली का, हे सांगायचं तर घर उभं चिरून दाखवावं लागतं. प्लॅन आणि सेक्शन हे शब्द मुलांना इथे पहिल्यांदा गरज म्हणून भेटतात. व्याख्या नंतर येते, आणि आली नाही तरी फारसं बिघडत नाही.

यातल्या अनेकांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली असते. स्थिरचित्रात कळशी, कांदे, निळा पडदा, ए ग्रेड. ही मुलं पहिल्या महिन्यात सगळ्यांत जास्त अडखळतात. त्यांचा हात तयार असतो, म्हणून चित्र सुंदर झालं की काम झालं असं त्यांना वाटतं. इथे कोणी सुंदर म्हणत नाही. इथे विचारतात, "ही रेघ म्हणजे काय?"

(दृश्य: जवळून. पेन्सिलचं टोक, कागद.)

ही रेघ नीट बघा. 2एच पेन्सिल, कडक आणि फिकट. तिने आधी सगळं हलकेच मांडून घ्यायचं. मग एचबी. मग 2बी, मऊ आणि काळी, फक्त कापलेल्या भागासाठी.

कापलेला म्हणजे? कल्पना करा की घर जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर आडवं कापलं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि आत डोकावलो. सुरी जिथून गेली त्या भिंती जाड. खाली दिसणारं, म्हणजे ओटा, फरशी, पायरी, बारीक. आणि सुरीच्या वर राहिलेलं, तुळई किंवा पोटमाळा, तुटक रेघेने. तीन जातीच्या रेघा, बस. पण या तिन्ही सारख्याच जाडीच्या काढल्या की भिंत आणि फरशीवरचा सांधा यांत फरक उरत नाही. मघाशी दरवाजा की खिडकी हा गोंधळ झाला तो याच्यामुळेच. खिडकीखालची भिंत तिने कापल्यासारखी जाड काढली होती.

रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत न्यायची, म्हणजे टोक एकाच बाजूने झिजत नाही. कोपऱ्यात दोन रेघा भेटल्याच पाहिजेत, थोड्या एकमेकींवरून गेल्या तरी चालेल. अलीकडे थांबल्या तर खोलीला भोक पडतं. आणि तळहाताखाली कोरा कागद. जुलैच्या दमट हवेत, घामेजल्या हाताने, दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत राखाडी होतं. हे दरवर्षी सांगितलं जातं आणि दरवर्षी निम्म्या शीट राखाडी होतात.

(दृश्य: जुन्या पेठेतला एक वाडा. मुलं टेप धरून.)

कागदावर काढायला कागदावरूनच शिकता येत नाही, म्हणून बाहेर पडायचं. चार जणांचा गट, तीस मीटरचा टेप, ओळंबा, आणि फळीवर कागद. एक जण टोक धरतो, दुसरा आकडा ओरडतो, तिसरी लिहिते. चौथा फोन बघतो, असं मॅडम म्हणतात.

अशा मोजमापांची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या जे. जे. आर्किटेक्चर कॉलेजात आर्किटेक्ट क्लॉड बॅटली शिकवत असत, तेव्हापासून विद्यार्थी जुन्या भारतीय इमारती मोजून त्यांची ड्रॉइंग करत आले आहेत.

वाड्याचा चौक मुलांनी चौकोनी काढला. चारही बाजू मोजल्या, जवळपास सारख्या. झालं. मग मॅडमनी कर्ण मोजायला लावले. दोन कर्णांत एका वितीचा फरक. चौक चौकोनी नाहीच, तो एका बाजूला कललेला आहे. गल्ली वाकडी होती, बांधणाऱ्याने वाडा गल्लीबरोबर वळवला. डोळ्याला ते दिसलं नव्हतं, कारण चौक म्हणजे चौकोन हे डोक्यात आधीच बसलेलं. मुलांनी पुसून पुन्हा काढलं. खरं तर या एका दुपारसाठीच सगळा प्रवास होता, बाकी मिसळ वगैरे ठीक.

(दृश्य: फळ्यावर खडूने काढलेला सेक्शन.)

आता सेक्शन. मुलं याला घाबरतात. प्लॅन नकाशासारखा असतो, सवयीचा. सेक्शन काढायचा म्हणजे छप्पर भिंतीवर टेकतं कसं, पाणी पडतं कुठे, माणूस उभा राहिला तर डोकं आपटेल का, सगळ्याचं उत्तर द्यावं लागतं. प्लॅनमध्ये लपता येतं.

सर फळ्यावर मुंबईच्या कंबाला हिलवरचा कांचनजुंगा हा फ्लॅट्सचा टॉवर काढतात. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत वारा आणि समुद्राचं दर्शन हवं तर घर पूर्व-पश्चिम उघडायला हवं. पण नेमकं त्याच बाजूंनी कडक ऊन आणि पावसाचा मारा. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय केला होता, घराभोवती व्हरांडा. तोच व्हरांडा उंच टॉवरमध्ये आणायचा कसा? खडू तीन-चार वेळा फिरतो. घरांच्या पातळ्या खालीवर होतात, एकमेकींत अडकतात, आणि कोपऱ्यात दोन मजले उंचीची गच्ची मोकळी होते. एवढंच. सगळी युक्ती या उभ्या कापात आहे. नुसता प्लॅन पाहून ती कळली नसती, आणि तिच्यावर अर्धा तास भाषण केलं असतं तरी कळली नसती.

लॅपटॉपचं काय, हा प्रश्न येतोच. पुढच्या सत्रात तो येतो, आणि यायलाच हवा. पण पडद्यावर झूम केलं की दाराची कडी पानभर होते, आणि आपण १:१०० मध्ये, म्हणजे शंभरपट लहान करून काढतोय, हे विसरायला होतं. कागदावर १:१०० म्हणजे माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा. एवढ्याशा माणसाच्या घरात कडी काढायची नसते, हे हाताला आधी कळलेलं बरं.

पुण्यात जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी, आर्किटेक्चरमधल्या प्रित्झकर पुरस्काराचे २०१८ चे मानकरी, आपल्या इमारती लघुचित्रांसारख्या रंगवत: एकाच चित्रात प्लॅन, दर्शनी बाजू, झाडं, माणसं. ती चित्रं पाहून पहिल्या वर्षाची मुलं खूश होतात. म्हणजे नियम मोडले तरी चालतात! सर म्हणतात, "चालतात. आधी जिन्याला बाण लाव."

(दृश्य: कॉलेजच्या आवारात गुलमोहराचं झाड. वाळूचा ढीग.)

वर्षाच्या शेवटी एकाचं काम खरंच बांधलं जातं. यंदा गुलमोहराभोवतीचा पार, त्याच मुलीने काढलेला. मिस्त्री शीट वाळूवर पसरतात, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवतात. रंगवलेल्या चित्राकडे ते बघतही नाहीत. थेट सेक्शनवर वाकतात. बोट फिरतं: पाया, विटा, वरची फरशी, उतार, उताराचा बाण.

मुलगी काही सांगायला तोंड उघडते, आणि मिटते.

मिस्त्री मान हलवतात. मग बोट बुंध्याशी येऊन थांबतं.

"ताई, झाड वाढणार. भोवती किती सोडायचं, ते लिहिलं नाही."

ती खिशातली पेन्सिल काढते आणि वाळूत गुडघे टेकते.