रास्ता पेठेतली दहा माणसं

(दृश्य : शुक्रवारची दुपार. ओट्यावर पातेलं, पाण्यात फुगलेल्या काळ्या मनुका. दोन म्हातारे हात.)

सकाळी भिजत घातलेल्या मनुका आता टम्म फुगल्या आहेत. त्या हातानं कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या, की शब्बाथचं, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या शनिवारचं, शरबत तयार. जगभरचे ज्यू शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ सुरू होताना, वाइनचा पेला हातात घेऊन आशीर्वाद म्हणतात. कोकणातल्या खेड्यात वाइन कुठून यायची? बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांनी मनुकांचं शरबत काढलं, आणि घाट चढून ते पुण्यात आलं.

घाटाखाली या लोकांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना म्हणे ‘शनिवार तेली’. आडनावंही गावांवरून पडलेली : पेणकर, राजपूरकर, किहीमकर, नवगावकर. पुण्यात त्यांना आणलं फौजेनं आणि सरकारी नोकरीनं. बाप पलटणीत, टपालात किंवा रेल्वेत लागला, की पोरांना पुण्यातली शाळा मिळायची.

(दृश्य : कॅम्प, मोलेदिना रस्ता. लाल विटांचा उंच मनोरा.)

हे ओहेल डेव्हिड, ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ. रिक्षावाल्याला मात्र ‘लाल देऊळ’ सांगा. बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं, पण पुरं झालेलं पाहायला ते उरले नाहीत. १८६४ साली ते पुण्यातच वारले. १८६७ मध्ये प्रार्थना सुरू झाली. त्यांची समाधी याच आवारात आहे. बेने इस्रायल मंडळी आपल्या बोलण्यात सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत आली. पुणेकरांचं देऊळ, त्यांची मशीद, आणि आत हिब्रू प्रार्थना. यात कुणाला कधी अडचण वाटली नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

याच शहरात १८७४ साली एक पुस्तक छापलं गेलं, आणि माझ्या मते त्याची किंमत त्या मनोऱ्याहून कमी नाही. हग्गादा, म्हणजे ज्यूंच्या मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेची कथा. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री ती घरोघर वाचतात. पुण्याच्या या हग्गादात हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे. चित्रं नीट पाहा. सणासाठी बिनखमिराची भाकर करणाऱ्या बाया यात लुगडं नेसून कामाला लागल्या आहेत. गोष्ट मिसरची आणि स्वयंपाकघर आपलं.

त्याच सुमारास जोसेफ इझिकेल राजपूरकर हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणत होते. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षक होते. पुण्यातली कॉलेजं तेव्हा त्याच विद्यापीठाची.

(दृश्य : हुजूरपागेची इमारत. मुलींची रांग.)

हुजूरपागेत एक मुलगी शिकायला आली, रिबेका रूबेन. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ती पहिली आली. मुलींमध्ये पहिली नव्हे, सगळ्यांत पहिली. पुढे मुंबईत आपल्याच समाजाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी कित्येक वर्षं काढली.

पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात. माहेरातून निघावं लागतंच. १९४८ नंतर इथली शिकलेली घरं इस्रायलला निघाली. नर्स, शिक्षक, कारकून, फिटर. भारतभर बेने इस्रायल तेव्हा वीस हजारांच्या आसपास होते, आता उरले थोडे हजार. तिकडे पोचल्यावर काही धर्मगुरूंनी विचारलं, तुम्ही खरे ज्यू का? शेकडो वर्षं शनिवार पाळलेल्या माणसांना हा प्रश्न! जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं मान्य झालं. आणि त्या लोकांनी मराठी टाकली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघालं.

सगळेच गेले नाहीत. नौदलातले बेंजामिन सॅमसन खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख झाले.

(दृश्य : रास्ता पेठ. अरुंद रस्ता, दुचाक्या, एक साधं फाटक.)

कॅम्पातलं देऊळ ससूनांच्या पैशातलं. हे सुक्कथ शेलोमो सिनेगॉग मात्र मराठी बोलणाऱ्यांचं, १९२१ सालचं. नव्या वर्षाला, ज्याला ही मंडळी नव्याचा सण म्हणतात, इथल्या घरांतून चिकाचा हलवा व्हायचा. गहू भिजवून काढलेला चीक आणि नारळाचं दूध. मटणाच्या जेवणानंतर गाईचं दूध चालत नाही, म्हणून नारळ. नवस फेडायचा असला की मलिदा : पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव.

सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर चालत नाही. मुंबईतल्या २००८ च्या हल्ल्यानंतर आणि २०१० च्या कोरेगाव पार्कमधल्या स्फोटानंतर बंदोबस्त वाढला, पण खरी काळजी आकड्याची आहे. मुलं बंगळुरूला, इस्रायलमधल्या अश्दोदला, टोरांटोला.

(दृश्य : आत सात माणसं. कुणी फोन लावतंय. दाराशी चप्पल काढण्याचा आवाज.)

आठवा आला. मग दोघं एकदम.

सगळे उठून पश्चिमेला तोंड करतात. जेरुसलेम त्या बाजूला आहे. पुण्यातून कोकणही त्याच बाजूला.